डाव्या कानाचा बोर्ड

जेक्शेन आबांच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही. हे माझं मत नाही, त्यांचं आहे. सरोवराकाठच्या बालिक्ची गावाच्या बाजारात माझी मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. तिच्यासमोरच्या स्टुलावर बसून त्यांनी हे इतक्यांदा सांगितलंय की माझी गिऱ्हाइकं आता मागून नुसते ओठ हलवतात. टीव्ही बिघडला तर चूक वीज खात्याची, छपरावरचा अँटेनाचा खांब पडला तर वाऱ्याची, आणि सरोवरातल्या बोटी बंद पडल्या ती मॉस्कोची.

बोटींचं त्यांना फार लागलेलं आहे. त्या चालायच्या तेव्हा आबा त्यांच्यावर रेडिओ मेकॅनिक होते. मॉस्कोचं राज्य मोडलं, बोटी धक्क्याला लागल्या त्या लागल्याच, मग गंजल्या आणि भंगारात गेल्या. एका बोटीवरचा रेडिओ मात्र गंजू नये म्हणून आबा घरी घेऊन आले. गंजू नये म्हणून, हे शब्द त्यांचेच. तेव्हापासून ते ओम्स्कच्या, टॉम्स्कच्या आणि आणखी कुठकुठल्या न पाहिलेल्या माणसांशी हवामानावर तासन्‌तास बोलतात. घरच्या माणसाशी बोलायला मात्र त्यांना विषय सुचत नाही. त्यांची बायको कुलीपा एजे (थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो) एकदा मला म्हणाली, "मैराम, ओम्स्कला बर्फ पडला की मला लगेच कळतं. ह्याचा गुडघा दुखतोय हे मात्र मला शेजारीण सांगते."

आबांची दुसरी ख्याती म्हणजे इस्त्री. सर्किट बोर्ड ते घरीच करतात. आकृती काढायची, ती गुळगुळीत कागदावर उलटी छापायची, कागद तांब्याच्या पत्र्यावर पालथा घालायचा आणि वरून कुलीपा एजेची इस्त्री फिरवायची. शाई पत्र्याला चिकटते, कागद पाण्यात भिजवून सोलून काढायचा, आणि पत्रा आम्लात टाकायचा. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. आम्ल ज्या घमेल्यात असतं त्यात पूर्वी जर्दाळूचा मुरंबा व्हायचा. आता होत नाही. एजेने नवी इस्त्री घेतली की काही दिवसांत तिच्या तळाला काळे चट्टे पडतात आणि बाजारात तिच्या डोक्याच्या रुमालावर तेच डाग कुणी पाहिले की लोक ओळखतात की आबांचं नवीन काहीतरी चाललंय.

या कामातली खरी मेख म्हणजे ते उलटं छापणं. शिक्का कसा उलटा कोरतात, म्हणजे सुलटा उमटतो, तसंच. नवशिका हमखास तिथे चुकतो. आबा नाही चुकत. उलटं छापणं त्यांच्या हाडीमासी इतकं भिनलंय की त्यांच्या कॉम्प्युटरवरचं आकृती उलटी करायचं बटण दाबून दाबून पुसट झालंय.

मी चीनमधून बोर्ड मागवते म्हणून आबा माझ्यावर खार खाऊन होते. त्यात माझा काही शोध नाही. कारखान्याला आकृतीची फाइल पाठवायची, ते सुबक हिरवा बोर्ड करून देतात. पाचाच्या खाली करत नाहीत. म्हणजे एक वापरायला, एक बिघडवायला आणि उरलेले कपाटात ठेवून बायकोची बोलणी खायला. बोर्ड पावाच्या किमतीत पडतो, पण टपालखर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून गावातल्या सगळ्या हौशी लोकांचं मी एकत्र मागवते. मधाच्या पोळ्यांचं वजन करायचं यंत्र बनवणारा एक मधमाशीवाला आहे, शाळेत पोरांकडून यंत्रमानव करून घेणारे भौतिकशास्त्राचे मास्तर आहेत. सगळ्यांचं मिळून एक पुडकं चीनमधल्या गोदामात माझ्या नंबरावर जमा होतं, ट्रकने घाट ओलांडून बिश्केकला येतं, आणि तिथून बोओमच्या खिंडीतून मार्श्रुत्काच्या, म्हणजे भाड्याच्या व्हॅनच्या, ड्रायव्हरच्या सीटखाली बसून माझ्या टपरीत. इतका प्रवास आमच्या गावात फार थोड्या माणसांनी केलाय.

"विकतचा बोर्ड म्हणजे विकतचे बोर्सोक," आबा म्हणायचे. पाहुण्यांपुढे कणकेचे हे तळलेले तुकडे घरी न करता दुकानातून आणून ठेवणाऱ्या घराशी आमच्याकडे लोक सोयरीक करत नाहीत, एवढं सांगितलं की पुरे.

तेच आबा हिवाळ्याच्या सुरुवातीला माझ्या टपरीत आले, इकडेतिकडे बघितलं आणि वैद्याकडे गुप्तरोग दाखवायला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "पोरी, एक बोर्ड मागवायचाय. माझा नाही. एका ओळखीच्या माणसाचा."

"माणसाचं नाव?"

"नाव कशाला हवंय? चीनमध्ये काय लग्न लावायचंय त्याचं?"

प्रकरण काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण ते जिथे सुरू झालं तिथे मी बसले होते.

आमची बायकांची भिशी आहे. दर महिन्याला एकीच्या घरी. त्या दिवशी शारकान एजे कुलीपा एजेच्या उजव्या हाताला बसली होती. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. डावीकडे कुणीतरी आपल्या जावयाची नक्कल करत होतं आणि आम्ही सगळ्या पोट धरून हसत होतो. त्या गलक्यात शारकानने हळूच कुलीपा एजेकडे झुकून सांगितलं, "आई आता मला ओळखत नाही गं. काल विचारत होती, तू कुणाची मुलगी?" आणि कुलीपा एजे खो खो हसली. तिला वाटलं, शारकानही जावयाबद्दलच काहीतरी म्हणाली. शारकानने चहाची वाटी खाली ठेवली, कोट घेतला आणि निघून गेली.

काही आठवड्यांनी तिची आई गेली. कुलीपा एजे रडायला गेली तर शारकानने तोंड फिरवलं. त्यानंतर एजे भिशीला यायचीच बंद झाली. विचारलं तर म्हणायची, गुडघे दुखतात. गुडघे आबांचे दुखत होते. बाजारात भेटली की हात हलवून पुढे जायची, कुणाशी दोन शब्द बोलायला थांबायची नाही. भिशीत सगळ्यांत मोठ्याने हसणारी ती, आणि आता हसायचीच धास्ती घेऊन बसलेली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. आणि आता हिवाळ्यात शारकानच्या आईच्या वर्षाचं जेवण आलं होतं. त्याला जावंच लागतं. तिथे शेकडो माणसांच्या गलक्यात शारकान पुन्हा काही बोलली आणि एजेला ऐकू आलं नाही, तर त्या दोघींचं नातं कायमचं तुटणार, हे एजेला माहीत होतं आणि आबांनाही.

डॉक्टरकडे जायला एजे तयार नव्हती. "एकदा वहीत बहिरी लिहिलं की मरेपर्यंत बहिरी," ती म्हणायची. बाजारात मिळतात ती कानाची यंत्रं किटलीसारखी शिट्टी मारतात. चांगली राजधानीत मिळतात, पण जेक्शेन आबांच्या घरात तयार यंत्र आणायचं म्हणजे पुन्हा ते बोर्सोक आलेच. आबांनी ठरवलं, आपण करायचं. पण कानामागे चंद्रकोरीसारखा बसेल एवढ्या बोर्डावरच्या रेघा केसापेक्षा बारीक. इस्त्रीखाली त्या फिसकटतात. आबांनी दोन इस्त्र्या संपवल्या आणि मग माझ्याकडे आले.

"कुठला कान?" मी विचारलं.

"डावा."

"एजे म्हणाली?"

"तिला कशाला विचारायचं? मोजलंय मी."

ते मोजमाप मी एकदा चुकून पाहिलंय. संध्याकाळी त्यांच्या घरी त्यांचा फोन द्यायला गेले होते. आबा नेहमीसारखे दारासमोरच्या मानाच्या जागी, एजे दाराजवळ समोवारपाशी, म्हणजे चहाच्या बंबापाशी. त्या दोघांचं दस्तरखान, जेवणाचं कापड, त्यांच्या लग्नापासून असंच मांडलेलं आहे. तिचा डावा कान ह्यांच्याकडे. एजे चहा ओतत होती आणि आबा तिच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात बोलत होते, "तू नसतीस तर मीही त्या बोटींबरोबर भंगारात गेलो असतो." एजेने वाटी भरली, दूध घातलं, पुढे सरकवली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मला दारात बघून आबा लालबुंद झाले.

"मापं घेतोय," मला ओसरीवर ओढत ते म्हणाले. "एवढ्या आवाजाचं एक वाक्य टाकून बघायचं. बघितलंस ना? काही नाही! मागच्या हिवाळ्यापासून टाकतोय."

"हेच वाक्य?"

"वाक्यं बदलावी लागतात, नाहीतर माणसाला सवय होते," आबा म्हणाले. मग गंभीरपणे पुढे, "गंमत बघ. जेवायला वाढ म्हटलं, पाहुणे येणार म्हटलं, तर ऐकू येतं. अँटेनाचा दुसरा खांब उभारू का विचारलं, तर नाही. काही ठरावीक स्वर पोचत नाहीत तिला. वरचे."

मी बाईमाणूस असून तेव्हा मला शंका यायला हवी होती. नाही आली. आबा इतक्या ठामपणे बोलतात की ऐकणाऱ्याची अक्कल पण रजेवर जाते.

चंद्रकोरीचं माप त्यांनी स्वतःच्या कानावरून घेतलं. इतका संसार झाला, कान तरी किती वेगळे असणार, असा हिशेब.

फाइल त्यांनी पेनड्राइव्हवर आणली. कारखान्याच्या पानावर फाइल चढवली की बोर्ड कसा दिसेल त्याचं चित्र येतं. मी म्हटलं, "आबा, एकदा बघून घ्या."

"मी काढलेलं मी काय बघायचंय?"

"मास्तरांनी बोर्डावर शाळेचं नाव घातलंय. तुम्ही पण काहीतरी घाला. फुकट असतं."

"अक्षरं हवीत कशाला? कुठे काय लावायचं ते मला माहितेय. चिन्यांना कळायची गरज नाही." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, "पाठव पोरी. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी बोर्ड करतोय."

मी पाठवली. त्यावर एक अक्षर जरी असतं, तर ते आरशातल्यासारखं उलटं दिसलं असतं आणि माझ्या डोळ्यांत भरलं असतं. नुसत्या रेघा काय, कुठूनही सारख्याच.

पुडकं आलं तेव्हा गावावर पश्चिमेचा उलान वारा असा सुटला होता की टपरीचं दार मी दगड लावून बंद ठेवलं होतं. आबा वाट बघत बसलेलेच होते. मास्तरांचे बोर्ड निघाले, मधमाशीवाल्याचे निघाले, आणि तळाशी आबांच्या हिरव्या चंद्रकोरी. इतक्या देखण्या की आबा क्षणभर चिन्यांवरचा राग विसरले. त्यांनी माझं भिंग ओढून घेतलं, खिशातून चिप काढली, चिमट्याने बोर्डावर ठेवून बघितली. उचलली. पुन्हा ठेवली. मग भिंग खाली ठेवून ते दाराकडे बघत बसले.

"काय झालं?"

"उलटा केलाय."

"कारखान्याने?"

माझी पूर्ण खात्री होती की ते हो म्हणणार. आजवर सगळ्यांनीच चुका केल्या होत्या, आता चीनची पाळी. पण आबांनी आपला उजव्या हाताचा अंगठा असा बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"बटण दाबलं मी," ते म्हणाले. "आरशाचं. सवयीने."

इस्त्रीसाठी आकृती उलटी छापायची, म्हणजे सुलटी उमटते. कारखान्यात इस्त्री नसते. त्यांनी जसं दिलं तसं, इमानेइतबारे, उलटंच करून पाठवलं होतं.

"पालथा घातला तर?" मी आपलं काहीतरी म्हटलं.

"तर माइक तिच्या डोक्याकडे तोंड करून बसेल. दिवसभर स्वतःच्या रुमालाची सळसळ ऐकत राहील. असाच लावला तर उजव्या कानाचा होतो. तिचा उजवा चांगला आहे!"

"पुन्हा मागवू."

पण मागवणार कुठून? चिन्यांचं नवं वर्ष लागलेलं, कारखाने बंद, गोदाम बंद, ट्रक बंद. आणि वर्षाचं जेवण पुढच्या आठवड्यात. आबा उठले, चंद्रकोरी खिशात घातल्या आणि दगड बाजूला करून वाऱ्यात निघून गेले. त्यांच्या पाठीकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं की त्यांनी कुणाची तरी चूक काढायला हवी होती.

त्यानंतर ते बाजारात दिसलेच नाहीत. मीच गेले तर मागच्या खोलीत डोक्याला दिवा बांधून बसलेले. काम चालू होतं. उलट्या बोर्डावर चिपचे पाय जुळत नाहीत, डावीकडचा पाय उजवीकडे जातो. म्हणून त्यांनी चिप पाठीवर झोपवली होती, मेलेल्या झुरळासारखी, आणि तिचा एकेक पाय दुसरीकडे वाकवून डाख देत होते.

"उजव्याचाच करताय?" मी विचारलं.

"निदान चांगल्या कानाने दुप्पट ऐकेल," आबा म्हणाले. मान वर केली नाही. "शारकान डावीकडे बसली तरी थोडंफार पोचेल. तू तिथे असशील. तिला कसंही करून उजवीकडे बसव."

"तुम्ही एजेला सांगितलंत?"

"उद्या सांगतो. तू ये. साक्षीदार असला की ती कमी बोलते."

दुसऱ्या दिवशी मी गेले. आबा मानाच्या जागी, एजे समोवारपाशी, मी मध्ये बोर्सोकच्या ढिगाशेजारी. आबांनी घसा साफ केला.

"म्हातारे," ते नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले, "तुझ्यासाठी एक वस्तू केलीय. ऐकू येण्याची. पण ती जरा बिघडली."

"चालत नाही?"

"चालते. चालायला काय झालंय! पण दुसऱ्या कानाची झाली. उजव्या."

"मग?"

"मग काय! तुझा बहिरा कान डावा."

एजेने समोवारची तोटी बंद केली. "कोण म्हणालं?"

"मोजलंय मी. रोज इथून बोलतो, तू उत्तर देत नाहीस. अँटेनाच्या खांबाचं कितीदा विचारलं!"

"ऐकलं ते."

"ऐकलं?"

"दुसरा खांब कोपऱ्यात, तार माझ्या जर्दाळूला बांधायची. ऐकलं की. हो म्हटलं असतं तर तू उभारला असतास. नाही म्हटलं असतं तर वसंतापर्यंत का नाही, का नाही करत बसला असतास. गप्प बसले, तुझा खांब राहिला."

चहा माझ्या नाकातून बाहेर आला. आबांचं मात्र माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"आणि इस्त्रीचं? नवी इस्त्री मीच खराब केली, म्हणालो होतो..."

"तेही ऐकलं. ते मला आधीच माहीत होतं."

"मग बहिरा आहे कुठला?"

एजेने रुमाल मागे सारून उजव्या कानाला हात लावला. "हा. ह्या बाजूने कुणी बोललं की नुसता वारा येतो. शारकान ह्याच बाजूला बसली होती." ती माझ्याकडे वळली. "सगळ्यांना वाटतं मी तिला हसले. मला कळलंसुद्धा नाही गं ती काय म्हणाली."

"मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीस?"

"म्हाताऱ्या, तू ओम्स्कला विचारतोस, टॉम्स्कला विचारतोस. मला विचारलं होतंस?"

आबांनी खिशातून हातरुमाल काढला, त्याच्या घड्या उलगडल्या आणि ते यंत्र तिच्यापुढे धरलं. एजेने ते घेतलं आणि कुणी न सांगता उजव्या कानामागे बसवलं. चंद्रकोर अशी बसली की जणू तिथलीच होती. आबांनी नखाने बारीकसं बटण फिरवलं.

एजे दचकली. मान वळवून समोवारकडे बघत राहिली. "हा इतका बोलतो?" ती म्हणाली. मग खिडकीकडे, मग दाराकडे. "वारा आहे बाहेर? केव्हापासून?" तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती, खो खो, तशीच, भिशीतल्यासारखी. मीही रडले, त्यात लपवायचं काय आहे?

आबा मात्र हसले नाहीत. आधी त्यांचे कान लाल झाले, मग गाल. त्यांना काहीतरी आठवायला लागलं होतं. मागच्या हिवाळ्यापासून, रोज चहाच्या वेळी, तिच्या डाव्या कानाकडे टाकलेलं एकेक वाक्य.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "मी इथे बसून जे जे बोलत होतो..."

"काय बोलत होतास?"

"ते आपलं... अँटेनाचं."

"अँटेनाचंच ऐकलं मी," एजे म्हणाली आणि वाटीत बघत साखर ढवळत राहिली. तिने साखर घातलीच नव्हती.

वर्षाच्या जेवणाला मला काहीच करावं लागलं नाही. एजे स्वतःहून गेली आणि शारकानला आपल्या उजव्या हाताला घेऊन बसली. तिने रुमाल कानामागे सारलेला होता, सगळ्यांना दिसेल असा. शारकानने बघितलं. काय समजायचं ते समजली असावी. घोड्याचं मांस वाढलं गेलं, दुआ झाली, पोरं मध्ये धावत होती, भांड्यांचा खणखणाट होता. सगळं निवल्यावर शारकान ताटाकडे बघत, अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "शेवटपर्यंत तिने मला ओळखलंच नाही."

"ओळखलं असणार," कुलीपा एजे म्हणाली. "नाव तेवढं आठवलं नसेल."

शारकानने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाजूच्या बाया जेवायच्या थांबल्या आणि मग घाईघाईने पुन्हा जेवायला लागल्या.

आबा आता पुन्हा माझ्या टपरीसमोरच्या स्टुलावर असतात. बोर्ड उजव्या कानाचाच मागवला होता, असं ते सांगतात. डावा होता ते तुमच्या लक्षात चुकीचं राहिलंय, म्हणतात. उरलेल्या चंद्रकोरींसाठी गावातल्या म्हाताऱ्यांची रांग लागलीय आणि आबा प्रत्येकाला आधी विचारतात, कुठला कान? उत्तर ऐकूनही, म्हातारा असेल तर त्याच्या बायकोला वेगळं विचारतात, म्हातारी असेल तर तिच्या नवऱ्याला. चिप पाठीवर झोपवायची ही त्यांची नवी पद्धत आहे, असंही मास्तरांना समजावत होते. मास्तरांनी टिपून घेतलं.

परवा संध्याकाळी बॅटऱ्या द्यायला त्यांच्या घरी गेले होते. दार उघडंच होतं. आबा त्यांच्या जागी, एजे समोवारपाशी, डावा कान त्यांच्याकडे. तिने चहा ओतला, दूध घातलं. मग कानामागचं यंत्र काढलं आणि साखरेच्या वाटीशेजारी ठेवलं. डावा कान चांगला आहे हे तिला माहीत आहे. आता आबांनाही माहीत आहे.

"काढलंस?" आबांनी विचारलं.

एजेने उत्तर दिलं नाही. मग आबा भिंतीकडे बघत हळू आवाजात बोलायला लागले, आणि मी बॅटऱ्या उंबऱ्यावर ठेवून परत आले.